अब्बांची ट्रंक

गेल्या वर्षी रजब महिन्यात, फजरच्या अजानीच्या थोडं आधी माझ्या अब्बांचा इंतकाल झाला. आमच्याकडे बायका जनाज्याबरोबर कब्रस्तानात जात नाहीत. दारापर्यंत गेले, तिथेच उभी राहिले. जनाजा गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला आणि मी मागे फिरून अम्मीजवळ बसले. ज्या माणसाने मला अलिफ आणि अ दोन्ही एकाच पाटीवर शिकवले, त्याला मूठभर माती देता आली नाही. हा लेख म्हणजे ती माती आहे असं समजा.

चाळीस दिवसांनी भाईने त्यांची ट्रंक उघडली. हिरव्या रंगाची, पत्र्याची, पलंगाखाली ठेवलेली. लहानपणी तिला हात लावायची आम्हाला बंदी होती. वर एक कागद होता, अब्बांच्या अक्षरात, एकदा उर्दूत आणि खाली तेच मराठीत. त्याचा आशय असा : यातली पत्रं आणि कागद लोकांची अमानत आहेत. ज्यांची त्यांना पोहोचवावीत. मालक हयात नसेल तर वारसांना द्यावीत. कोणीच सापडलं नाही तर कुरआनशरीफची जीर्ण पानं जशी अदबीने दफन करतात तशी दफन करावीत. वाचू नयेत.

खाली शंभराच्या आसपास पाकिटं होती. अंतर्देशीय पत्रं, परदेशी एअरमेल, काही तारा, जमिनीच्या नोटिसा, दोन-तीन जुनी पासबुकं.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. इतिहास हा माझा विषय नाही, पण वेड आहे. आमच्या समाजाचा लिखित इतिहास किती थोडा आहे, हे मी याआधीच्या लेखांतून अनेकदा लिहिलं आहे. आणि आता चाळीस वर्षांचा इतिहास माझ्यासमोर ट्रंकेत होता आणि वर लिहिलं होतं, वाचू नये.

माझा मुलगा अकरावीत असताना एकदा कॉलेजातून चिडून आला. कोणीतरी त्याला विचारलं होतं, तुम्ही मूळचे कुठले? त्याने तोच प्रश्न नानांना विचारला. अब्बांनी त्याला जवळ बसवून पनवेलची गोष्ट सांगितली. ती मला इथे थोडी भर घालून सांगायची आहे, कारण अब्बांची गोष्ट तिच्यातूनच निघते.

पनवेल आज एक्स्प्रेस वे, लोकल आणि टॉवरचं शहर आहे. पण ते मुळात खाडीचं बंदर. घाटावरून माल उतरायचा, इथे गलबतांत चढायचा आणि मुंबईला जायचा. १८३० साली बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला तेव्हा मुंबई-पुणे प्रवासात पनवेल हा महत्त्वाचा टप्पा होता. मुंबईहून पनवेलपर्यंत पाण्याने, पुढे घाटाने. इथे बैलगाडीची चाकं बनत आणि ती इतकी नावाजलेली होती की घाटावरचा गाडीवान परतताना इथली चाकांची जोडी नेण्याचा प्रयत्न करी, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये आहे. १८५२ साली इथे नगरपालिका आली. १८६३ साली रेल्वे बोरघाट चढून गेली आणि घाटाकडे जाणारा माल कल्याण-कर्जतच्या वाटेने वळला. बंदराची रया हळूहळू गेली. माणसं मात्र राहिली, आणि त्यांच्यात आम्हीही होतो.

"पण त्याआधी?" मुलाने विचारलं.

त्याआधीचं उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर सापडतं. अल-मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. त्याच काळातला एक ताम्रपट डहाणूजवळच्या चिंचणी गावात सापडला. शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. त्यात राष्ट्रकूट राजाने संजाण प्रांताचा कारभार एका ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे सोपवल्याचा उल्लेख आहे. त्याचं नाव ताम्रपटात 'मधुमती' असं येतं. ते मुहम्मदचं संस्कृत रूप आहे असं अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने नदीवर फुकट तरीची सोय केली, लोकांना मोफत जेवण मिळेल असं अन्नछत्र चालवलं आणि त्याच्याच कारकिर्दीत एका मठाला जमीन दिली गेली. अकराशे वर्षांपूर्वी एका राजाने आपला किनारा एका मुसलमानाच्या हाती विश्वासाने दिला आणि त्याने तो सांभाळला.

अब्बांनी नातवाला एवढंच सांगितलं, "कधी आलो हे विचारणाऱ्याला हे सांग. पण कोणाची अमानत सांभाळली, हे सांगता येईल असं आधी वाग."

अमानत हा अब्बांचा आवडता शब्द. त्याचं मूळ त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या दादांच्या गोष्टीत आहे.

माझे दादा श्रीवर्धनकडचे. आगबोटीवर आगवाला होते. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. कोळशाच्या बोटीत सारंग, टंडेल आणि खलाशी असत. भंडारी जेवण करी. आणि अगदी तळाला भट्टीत कोळसा घालणारा तो आगवाला. कोकणातल्या किती घरांतून माणसं इंग्रजांच्या बोटींवर गेली याचा धड हिशोब नाही. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या, कबर किंवा चिता न मिळालेल्या हिंदी नाविकांचं एक स्मारक मुंबईत मशीद बंदरला आहे. त्यावर दोन हजारांहून अधिक जणांची नोंद आहे. त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे आहेत.

दादा बोटीवर असताना दादी आपल्या माहेरी, पनवेलला राहायची. १९४८ साली दादांचं पत्र एडनहून आलं. दादीला वाचता येत नव्हतं. ती पत्र घेऊन बाजारात एका जाणत्या माणसाकडे गेली. त्याने ते दुकानात, चारचौघांत, मोठ्याने वाचलं. दादा आजारी होते, इस्पितळात होते, पैसे संपले होते. दादी घरी पोहोचायच्या आधी ही बातमी मोहल्ल्यात पोहोचली होती. कोणी हळहळलं, कोणी उधारी बंद केली. अब्बा तेव्हा सात वर्षांचे. दादीने त्या रात्री त्यांना सांगितलं, "तू वाचायला शीक. म्हणजे आपलं घर आपल्या घरातच राहील."

दादा परतले नाहीत. एडनमध्येच त्यांना दफन केलं.

अब्बा उर्दू शाळेत शिकले. मराठी त्यांनी शेजारच्या घरातल्या मुलांची पुस्तकं वाचून आणि जुन्या वर्तमानपत्रांवरून पक्की केली. १९६१ साली तालुक्यातल्या एका उर्दू प्राथमिक शाळेत मास्तर झाले. आणि नोकरी लागल्यापासून रोज अस्रची नमाज पढून आले की ते पडवीत चटई टाकून बसू लागले. ज्यांना पत्र वाचून घ्यायचं किंवा लिहून घ्यायचं असेल त्यांनी यावं. पैसे नाहीत.

बसायचं पडवीत, ओट्यावर नाही. ओटा रस्त्यावर, पडवी आत. एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. आलेलं पत्र ते स्वतः आधी डोळ्यांखालून घालत नसत. म्हणायचे, "पत्र तुमचं. मी तुमच्याआधी का वाचू?" लिहिताना समोरची बाई जे बोलेल तेच लिहायचं, आपल्या पदरची शोभा घालायची नाही, आणि लिहून झालं की तिला परत वाचून दाखवायचं. मग दुसऱ्या दिवशी ती वाटेत भेटली तरी पत्राविषयी अवाक्षर विचारायचं नाही. आम्हा मुलांना पडवीत यायची मनाई होती. अम्मीनेही कधी विचारलं नाही.

किती तरी बायका पत्र वाचून झालं की ते परत न्यायच्या नाहीत. एकत्र कुटुंब, खोल्या दोन, कपाटाला किल्ली सासूची. "तुमच्याकडेच असू द्या मास्तर" म्हणून निघून जायच्या. अशी ती ट्रंक भरत गेली.

पडवीत फक्त आमच्या मोहल्ल्यातलेच लोक येत असं नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. आगरी शेतकऱ्यांच्या घरात सरकारी नोटिसा येऊ लागल्या. त्या मराठीत असत, पण ते मराठी शेतावरचं नव्हतं. 'हितसंबंधित व्यक्ती', 'संपादन', 'निवाडा'. मराठी मातृभाषा असलेले लोक आपल्या भाषेतली नोटीस समजून घ्यायला एका उर्दू मास्तरकडे येत होते. अब्बा एकेक शब्द फोडून सांगत. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे जीव गेले. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली ती त्या लढ्यातून. त्या आठवड्यात अब्बा मगरिबनंतरही पडवीत बसून होते, असं अम्मी सांगते. मी तेव्हा चार वर्षांची.

मला स्वतःला आठवतं ते १९८८. त्या वर्षी अब्बा हजला गेले. तेव्हा मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजं जात होती. १९९५ च्या सुमारास समुद्रमार्गाचा हज बंद झाला आणि सगळे विमानाने जाऊ लागले. हजला निघण्यापूर्वी माणसाने कर्ज फेडावं, लोकांची माफी मागावी आणि अमानती परत कराव्यात, अशी आपली रीत आहे. अब्बांनी ट्रंक उघडली, पाकिटांचे गठ्ठे केले आणि मला बरोबर घेऊन घरोघर निघाले. पाऊस सुरू झाला होता. मी छत्री धरायची, ते दारात उभे राहून म्हणायचे, "हे तुमचं. माझ्याकडून काही चूक झाली असेल तर माफ करा." काही बायका रडल्या. एका आगरी काकूंनी अब्बांच्या हातात नारळ दिला आणि म्हणाल्या, "मास्तर, तिथे आमच्यासाठीपण मागा."

वाटेत मी विचारलं होतं की आपणच का ही सगळी पाकिटं द्यायची, लोक नेतील की येऊन. तेव्हा अब्बांनी मला हिजरतीच्या रात्रीची गोष्ट सांगितली. मक्केचे लोक पैगंबरांच्या (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) जिवावर उठले होते, पण आपल्या मौल्यवान वस्तू ठेवायला मात्र त्यांच्याकडेच येत. त्यांना अल-अमीन म्हणत. त्या रात्री मदिनेला निघताना हजरत अलींना मागे ठेवलं ते यासाठीही की लोकांच्या अमानती ज्याच्या त्याला परत मिळाव्यात. "जे मारायला आले होते त्यांच्यासुद्धा," अब्बा म्हणाले. सूरह निसामधल्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हकदारांना पोहोचवण्याची आज्ञा आहे, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मी आठ वर्षांची होते. आयतीचा क्रमांक तेव्हापासून लक्षात आहे.

अब्बा 'अकबर' जहाजाने गेले. पावसाळी समुद्र, निम्मी माणसं उलट्यांनी हैराण. परत आल्यावर त्यांनी मक्का-मदिनेचं खूप सांगितलं, पण एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. एका संध्याकाळी जहाजावरच्या खलाशाने सांगितलं की आता आपण एडनच्या बाजूने जातो आहोत. किनारा दिसत नव्हता. अब्बा कठड्याशी उभे राहिले, त्या दिशेला तोंड करून आपल्या वडिलांसाठी फातिहा पढली. चाळीस वर्षांनी मुलगा बापाच्या कबरीच्या जवळात जवळ पोहोचला होता, तोही पाण्यावरून.

मग त्यांना आपल्याकडचा दुसरा माणूस आठवला. पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके. १८४५ साली जन्मलेले. इंग्रजांविरुद्ध त्यांनी रामोशी, कोळी, धनगर अशा समाजांतली माणसं उभी केली, पुढे निजामाच्या मुलखात इस्माईल खान या रोहिल्याशी हातमिळवणी केली. जुलै १८७९ मध्ये पकडले गेले, जन्मठेप झाली आणि त्यांना एडनला नेऊन टाकलं. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते तिथेच वारले. एडनच का? तर १८३९ साली इंग्रजांनी ते बंदर घेतल्यापासून त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे, आणि आगबोटी तिथे कोळसा भरायला थांबत. म्हणजे एकाच कारभाराने आमच्या भागातल्या एका माणसाला तिथे कैदी म्हणून नेलं आणि त्याच कोळशाने पुढे दुसऱ्याला तिथे नेऊन सोडलं. अब्बा शाळेत फडक्यांचा धडा शिकवताना हे सांगायचे. म्हणायचे, "माझे वडील आणि वासुदेव बळवंत एकाच परक्या गावी गेले."

हजहून आल्यावर महिनाभरात बहुतेक पाकिटं पुन्हा ट्रंकेत आली. बायकांनी आणून दिली. "तुमच्याकडेच बरी."

दोन वर्षांनी ती ट्रंक जवळजवळ रिकामी राहण्याची वेळ आली, कारण पत्रंच येईनाशी झाली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतलं. कुवेतमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते, त्यात आमच्या कोकणातली मुलं पुष्कळ. फोन नाही, टपाल नाही, पैसा नाही. रोज दुपारपासून बायका ओट्यावर येऊन बसायच्या. वाचायला काही नसायचं. मग अब्बा वर्तमानपत्र आणायचे आणि मराठी बातमी त्यांना त्यांच्या बोलीत सांगायचे. एवढा एकच काळ होता जेव्हा अब्बांनी पडवी सोडून ओट्यावर, सगळ्यांसमोर वाचलं. कारण त्या बातमीत कोणाचं गुपित नव्हतं, सगळ्यांची काळजी एकच होती. जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाची विमानं एक लाख सत्तर हजारांवर लोकांना घेऊन आली. आमच्या गल्लीतली मुलंही एकेक करून परतली, अंगावरच्या कपड्यानिशी. मी दहा वर्षांची होते. परतलेल्या एका मुलाच्या आईने अब्बांच्या हातात पेढा ठेवला तेव्हा ते खाली मान घालून रडत होते. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर एसटीडी-आयएसडीचे पिवळे बूथ आले, मग मोबाईल. १५ जुलै २०१३ ला तारसेवाही बंद झाली. मुली शिकल्या, स्वतःची पत्रं स्वतः वाचू लागल्या. अब्बांना याचा आनंदच होता. पण निवृत्तीनंतरही अस्रनंतर ते पडवीत चटई टाकून बसायचे. कोणी बँकेचा अर्ज भरून घ्यायला येई, कोणी आधारकार्डावरचं नाव दाखवायला. कोणी आलं नाही तर ते तिलावत करत. नातवंडं भोवती खेळत. माझ्या मुलीने तिथेच बसून नानांकडून कायदा पूर्ण केला.

आता ट्रंकेकडे येते. खोटं सांगत नाही, पहिले दोन महिने मी ती माझ्या खोलीत ठेवली आणि रोज तिच्याकडे पाहिलं. आखातात गेलेल्या कोकणी मुसलमानांवर किती कमी लिहिलं गेलं आहे! मागे राहिलेल्या बायकांवर तर काहीच नाही. त्यांच्या स्वतःच्या शब्दांतला पुरावा माझ्या पलंगाखाली होता. नावं गाळून वापरलं तर काय बिघडतं, असं मन म्हणायचं. एका रात्री एक अंतर्देशीय पत्र मी दिव्यासमोर धरलंसुद्धा. अक्षरं उलटी दिसत होती. माझी मुलगी दारात उभी होती. ती काही बोलली नाही. मी पत्र खाली ठेवलं.

सकाळी अम्मीला सगळं सांगितलं. अम्मीचं शिक्षण चौथीपर्यंत. ती म्हणाली, "आतलं त्यांचं. पाकिटाची बाहेरची बाजू पोस्टमननेही पाहिली आहे, ती तू पाहिलीस तर काय होतं?"

मग मी वही घेतली आणि फक्त बाहेरची बाजू लिहून काढली. नावं नाहीत, घरं नाहीत. केवळ गाव आणि साल. त्यातून जे दिसलं ते मला सांगता येईल. साठच्या दशकातली पाकिटं बंदरांची आहेत : एडन, मोंबासा, लिव्हरपूल. केप टाऊनची काही आहेत, जिथे कोकणी मुसलमान एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वसले आहेत. कराचीची पाकिटं मधेच थांबतात, १९६५ ला आणि पुन्हा १९७१ ला. दोन देशांत युद्ध झालं की पनवेलच्या एखाद्या बहिणीचा भाऊ गप्प व्हायचा. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि पाकिटांवरची गावंच बदलली : कुवेत, दम्माम, दोहा, दुबई. बोटींची पिढी संपली, विमानांची सुरू झाली. नव्वदीच्या अखेरीस पाकिटं विरळ होत जातात आणि मग काहीच नाही. एका गल्लीचा चाळीस वर्षांचा इतिहास असा एकही पत्र न उघडता कळला. आतलं कळलं असतं तर अधिक कळलं असतं, यात शंका नाही. पण तो इतिहास सांगायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क ज्यांचा, त्यांना विचारल्याशिवाय मी कोण सांगणारी?

मग भाई आणि मी वाटायला निघालो. अर्ध्याहून अधिक पाकिटांचे वारस मिळाले. काही तळोज्याला, काही मुंब्र्याला राहायला गेले होते. १९८८ च्या त्या आगरी काकू आता नाहीत. त्यांच्या नातवाला नोटिसांचा गठ्ठा दिला. त्यात एका अर्जाच्या प्रतीवर त्याच्या पणजोबांचा अंगठा होता. त्या माणसाचा एकही फोटो घरात नव्हता. नातवाने तो अंगठा स्वतःच्या अंगठ्याशेजारी धरून पाहिला आणि आत जाऊन आईला दाखवला.

तळाला एक पाकीट वेगळं, कापडात गुंडाळलेलं होतं. त्यावर अब्बांनी लिहिलं होतं : हे आपलं आहे, मुलांनी वाचावं. ते एडनचं पत्र होतं, १९४८ चं. लिपी उर्दू, बोली आमची कोकणी. दादांना लिहिता येत नसे, बोटीवरच्या भंडाऱ्याने लिहून दिलेलं. आजाराबद्दल दोन ओळी. मुलाला शाळेत घाल, एवढं एक वाक्य. आणि शेवटी, गुहागरकडच्या एका खारवी सोबत्याकडून चाळीस रुपये घेतले आहेत, मी वाचलो नाही तर फेडा. बाजारात मोठ्याने वाचलं गेलेलं पत्र ते हेच.

पत्राच्या मागे अब्बांच्या तरुणपणीच्या अक्षरात दोन शब्द आणि साल होतं : अदा केले, १९६३.

अम्मी म्हणाली, नोकरी लागल्यावर अब्बा सुट्टीत दोनदा गुहागरकडे गेले होते. दुसऱ्या खेपेला तो खारवी सापडला. म्हातारा झाला होता, विसरून गेला होता, पैसे घेईना. अब्बांनी त्याच्या हातात ठेवले आणि मगच तिथलं पाणी प्यायले. आमच्यापैकी कोणालाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

ज्यांचं कोणीच सापडलं नाही ती पाकिटं आम्ही शाबानच्या अखेरीस, रमजानच्या चंद्राआधी, मशिदीतल्या जीर्ण पानांबरोबर दफन केली. भाईने खड्डा घेतला. त्या दिवशी मी तिथे होते, आणि माझ्या हातानेही माती पडली.

एक पाकीट राहिलं होतं. दम्मामहून आलेली सात पत्रं, दोऱ्याने बांधलेली. मालकीण ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी गठ्ठा हातात घेतला, नाकाशी धरला आणि परत माझ्याकडे दिला. म्हणाल्या, "मला कुठे वाचता येतं? मास्तर गेले. तू त्यांची मुलगी ना, तू वाच."

मी उठून दार लोटलं. सुनेला बाहेर थांबायला सांगितलं. खाली चटईवर बसले आणि पहिलं पत्र उघडलं, आधी डोळ्यांखालून न घालता. अस्रपासून मगरिबपर्यंत सातही पत्रं वाचून झाली. त्या कधी हसल्या, कधी ओढणी डोळ्यांना लावली. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या जुम्म्याला पुन्हा ये. ही असू देत तुझ्याकडेच."

ती पत्रं आता हिरव्या ट्रंकेत आहेत. त्यांत काय लिहिलं आहे ते मी इथे सांगणार नाही.

वाचकांनो, अब्बांच्या मगफिरतीसाठी दुआ करा. आणि तुमच्या घरात अशी एखादी ट्रंक असेल, तर तिच्यातलं कोणाचं काय आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून ठेवा.